निसर्गोपचाराला गाव लागते

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या डॉक्टरांच्या दवाखान्याची पायरी इथल्या बहुतेकांनी चढलेली आहे. चिठ्ठी लिहिण्याआधी ते रात्री किती वाजता जेवलात आणि झोप लागली का, एवढे विचारत, आणि उत्तर नीट ऐकून घेत. त्यांच्या नावाच्या व्याख्यानमालेत मला ‘रोजचे आरोग्य आणि नैसर्गिक उपाय’ हा विषय देण्यात आला, याचे मला समाधान वाटते.

‘नैसर्गिक’ म्हटले की आज डोळ्यांसमोर बाटली येते. आवळ्याचा रस, कोरफडीचा रस, कसले तरी चूर्ण, प्रतिकारशक्तीचा काढा. औषधाच्या दुकानात आता त्यांचे एक वेगळे कपाटच असते. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो बाटली घेतो, घरी नेतो, सकाळी अनशापोटी पितो आणि आपण निसर्गाच्या वाटेने चाललो आहोत असे समजतो. मला हे मुळातच चुकीचे वाटते. रोजचे आरोग्य सांभाळणारे खरे नैसर्गिक उपाय म्हणजे चालणे, ऊन, झोप, ताजे साधे जेवण आणि स्वच्छ पाणी. यातले एकही त्या कपाटातल्या बाटलीत मिळत नाही आणि एकट्याने मिळवताही येत नाही. त्यासाठी आजूबाजूला तसे गाव असावे लागते. हा धडा आपल्याच पुणे जिल्ह्यात एकदा गिरवला गेला आहे. आज त्याबद्दल सविस्तर बोलायचे आहे.

गांधीजींना निसर्गोपचाराची ओढ दक्षिण आफ्रिकेपासून होती. लुई कुने आणि अडॉल्फ युस्ट या जर्मन लेखकांची पुस्तके त्यांनी तिथे वाचली, मातीच्या पट्ट्या आणि कटिस्नान स्वतःवर आणि घरच्यांवर करून पाहिले. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी ‘आरोग्याची किल्ली’ हे छोटेसे पुस्तक लिहिले. सुटकेनंतर पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात त्यांचा मुक्काम असे. स्टेशनजवळची ती वास्तू आज ‘बापू भवन’ म्हणून ओळखली जाते आणि तिथे राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था चालते. हे केंद्र गरिबांसाठी खुले करावे असा गांधीजींचा विचार होता. पण थोड्याच काळात त्यांच्या लक्षात आले की खेड्यातला गरीब माणूस उपचारासाठी शहरात येऊन राहूच शकत नाही. त्याची मजुरी बुडते, जनावरे कोण बघणार हा प्रश्न असतो. तेव्हा गरिबांसाठीची संस्था शहरात काढायला निघालो हे आपले चुकलेच, असे त्यांनी जाहीरपणे लिहून टाकले आणि पुणे–सोलापूर लोहमार्गावरचे उरुळी कांचन हे गाव निवडले.

२२ मार्च १९४६ रोजी ते उरुळीला आले. मुक्काम आठवडाभराचाच. पहिल्याच दिवशी तीसेक रुग्ण दारात उभे राहिले. गांधीजी स्वतः त्यांना तपासत. उपचार जवळपास सगळ्यांना सारखेच: रामनाम, सूर्यस्नान, कटिस्नान, अंग चोळणे, आणि आहारात दूध, ताक, फळे, फळांचा रस आणि भरपूर स्वच्छ पाणी.

मातीची पट्टी कशी करतात हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शेताच्या वरच्या थरातली माती चालत नाही, कारण तिच्यात खत, शेण, काडीकचरा असतो. दोन-तीन हात खोल खणून माती काढायची, उन्हात वाळवायची, खडे निवडून चाळायची आणि रात्रभर पाण्यात भिजत घालायची. सकाळी ती भाकरीच्या पिठासारखी मळून ओल्या फडक्यावर अर्धा बोट जाडीने पसरायची आणि बेंबीखाली ओटीपोटावर ठेवायची. वीस मिनिटे ते अर्धा तास. तापात अंगाला गारवा मिळतो, पोटाची तडस सैल पडते. कटिस्नानाचे टब पाठ टेकून बसता येईल असे असते. पाणी बेंबीपासून मांड्यांच्या मध्यापर्यंत, पाय आणि छाती कोरडी, आणि खरखरीत फडक्याने पोट हळूहळू चोळत राहायचे. नंतर अंगात ऊब येईपर्यंत चालायचे. या उपचारांचे दावे मोठमोठे केले गेले, ते सगळे मी स्वीकारत नाही. पण एक गोष्ट निश्चित आहे. जो माणूस एरवी दिवसभर राबतो, त्याला या निमित्ताने अर्धा तास स्वस्थ पडून राहायला मिळते, पोटाला विश्रांती मिळते आणि कोणीतरी त्याच्याकडे लक्ष देते. याचे मोल कमी नाही.

आता गांधीजींनी उरुळीच्या रुग्णांना दिलेल्या उपचारांच्या चिठ्ठीतला दुसरा भाग पाहा. दूध, ताक, फळे, स्वच्छ पाणी. १९४६ साली दुष्काळी पट्ट्यातल्या खेड्यात हे कोणाच्या घरी होते? भाकड गाई, पावसावरची शेती, एका पाणवठ्यावर माणसे आणि जनावरे. माती फुकट होती, ऊन फुकट होते, पण ताक फुकट नव्हते. हे गांधीजींना ठाऊक होते. म्हणून निसर्गोपचारात गावची सफाई, पाणी आणि शेती हे सारे येते असा त्यांचा आग्रह होता, आणि १ एप्रिल १९४६ रोजी जो ट्रस्ट झाला तो निसर्गोपचाराबरोबर ग्रामसुधाराचाही झाला.

गांधीजी निघून गेले आणि मागे मणिभाई देसाई राहिले. सुरत जिल्ह्यातला शिकलासवरला तरुण. आयुष्य या एका गावाला देईन असा शब्द त्याने दिला आणि पाळला. रुग्णाला ताक लिहून द्यायचे तर गावात दूध हवे. दूध हवे तर चांगली गाय हवी, तिला चारा हवा, चाऱ्याला पाणी हवे. या साखळीच्या एकेका कडीच्या मागे मणिभाई गेले. त्यांनी आश्रमात गीर गाईंचा कळप जोपासला, शाळा काढली, शेतीला पाणी आणले. पुढे १९६७ मध्ये त्यांनी ‘बाएफ’ ही संस्था उभी केली आणि शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत कृत्रिम रेतनाची सोय पोहोचवली. १९८२ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. काही जण म्हणतात की मणिभाई निसर्गोपचाराकडून दुग्धव्यवसायाकडे वळले. मला तसे वाटत नाही. उरुळीच्या आश्रमात लोक आजही उपचाराला जातात, आणि तो आश्रम मला आदरणीय आहेच. परंतु गांधीजींची चिठ्ठी खऱ्या अर्थाने कोणी पुरी केली असेल, तर ती मणिभाईंनी गोठ्यात उभे राहून केली.

ही केवळ भावनेची गोष्ट नाही, याला पुढे शास्त्राचा आधार मिळाला, आणि तोही याच जिल्ह्यात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. ही बाळे जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास भरत, तर इंग्लंडमधली साडेतीन किलोच्या. आपली बाळे अंगाने बारीक, पण चरबीचे प्रमाण त्या मानाने जास्त. आपल्याकडे तरुण वयात आणि सडपातळ माणसालाही मधुमेह का होतो, याचे एक मूळ इथे सापडले. डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये आपले स्वतःचे आणि एका इंग्रज शास्त्रज्ञ मित्राचे मोजमाप शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मित्राच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आरशात दोघेही सडपातळच दिसणार.

या अभ्यासातली जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते ती अशी. आईने एकूण किती उष्मांक किंवा किती प्रथिने खाल्ली याच्याशी बाळाच्या आकाराचा फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध आईच्या खाण्यात किती वेळा आले याच्याशी. म्हणजे मेथी, माठ, शेपू, चाकवत, अंबाडी. १९४६ च्या चिठ्ठीतले दूध आणि फळे पन्नासेक वर्षांनी शास्त्रीय मोजमापातून पुन्हा समोर आले, आणि सोबत पालेभाजी आली.

आता माझा प्रश्न. ती पालेभाजी आज गावात आहे का? घोळ, पाथरी, तांदुळजा, कुर्डू या भाज्या कोणी पेरत नसे. त्या बांधावर, पिकात आपसूक उगवत, आणि खुरपायला गेलेल्या बाया ओच्यात खुडून आणत. आता खुरपणीला मजूर मिळत नाहीत, तणनाशक मारले जाते, आणि तणाबरोबर भाजीही जाते. मी शेतकऱ्याला दोष देत नाही, त्याचा हिशेब त्याला करावाच लागतो. पण शहरात ‘रानभाजी महोत्सव’ भरतो आणि ज्या बाईच्या ओच्यात ती भाजी असायची तिच्या ताटात ती उरत नाही, हे पाहून माझा जीव तुटतो.

मधुमेहाबद्दल आणखी दोन आकडे सांगतो, कारण नैसर्गिक उपायांची बाजू आकड्यांनी मांडता येते आणि तशीच मांडली पाहिजे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत १० कोटींहून अधिक भारतीयांना मधुमेह असल्याचा अंदाज आला आणि त्याहून अधिक, सुमारे १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर उभे आहेत. या उंबरठ्यावरच्या लोकांचे काय करावे? चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी अशा ५३१ जणांवर प्रयोग केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला चालणे आणि आहार, एकाला मेटफॉर्मिनची गोळी, एकाला दोन्ही, आणि एकाला नेहमीचा सल्ला. तीन वर्षांत चालणे-आहार या गटात मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, गोळीने २६.४ टक्क्यांनी, आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत २८.२ टक्क्यांनी. चालणाऱ्याला गोळी दिल्याने जादा काही पदरात पडले नाही. उंबरठ्यावरच्या माणसाला चालणे हे औषधाच्या तोडीचे आहे, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगायचे? मात्र ज्यांना मधुमेह झालेला आहे त्यांनी यावरून आपली गोळी बंद करू नये, हे हात जोडून सांगतो.

आणि चालायचे कुठे? आपल्या गावात पहाटे बायका चालायला निघतात त्या हमरस्त्याच्या कडेने. उसाचे ट्रॅक्टर, वाळूचे डंपर, मागून येणारी एसटी. पदपथ नाही, दिवा नाही. शाळेचे मैदान आहे, पण त्याला कुलूप. ‘रोज अर्धा तास चाला’ हा सल्ला द्यायला डॉक्टरला अर्धे मिनिट लागते, पण तो पाळायला नगरपरिषद लागते.

दुसऱ्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण निसर्गाच्या नावाने आंधळेपणा फार वाढला आहे. जे नैसर्गिक ते निर्धोक, ही समजूत जीव घेऊ शकते. दुधी भोपळ्याचा रस हृदयाला चांगला म्हणून घरोघर पिणे सुरू झाले. पण दुधी कधी कधी कडू निघतो, आणि त्या कडवटपणातली द्रव्ये विषारी असतात. २०१० साली असा कडू रस प्यायल्याने दिल्लीत मृत्यू झाला, तेव्हा वैद्यक संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली, आणि समितीने सांगितले की रस काढण्याआधी फोड चाखून पाहा, कडू लागली तर फेकून द्या. आपल्या स्वयंपाकघरात दुधी किंवा काकडी चिरताना देठाकडची चकती चाखण्याची रीत होतीच. मिक्सरमध्ये फोडी टाकून डोळे मिटून ग्लास रिकामा करणाऱ्याने ती सोडली. करोनाच्या काळात गुळवेलीचे काढे महिनोन्‌महिने घेतले गेले. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला, वाद झाला. ज्याला आधीच यकृताचा किंवा प्रतिकारशक्तीचा विकार आहे त्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय असे काढे घेऊ नयेत, एवढे तरी त्यातून शिकावे. आणि घरातल्या आज्यांना एक विनवणी. मोठ्या मुलाच्या खोकल्याला मधाचे चाटण चांगले, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. नवजात बाळाच्या जिभेवर मध ठेवण्याची चाल प्रेमाची असली तरी ती थांबलीच पाहिजे. मधातल्या जंतूंच्या बीजांनी तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

घरच्या उपायाचा औषध होण्यापर्यंतचा प्रवास कसा होतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे साखर-मिठाचे पाणी. जुलाबात पेज, मीठ घातलेले ताक, लिंबाचे सरबत द्यायचे हे आपल्याकडे सर्वांना माहीत होते. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामात निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपले, तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे मोजून केलेले पाणी पिंपांत भरले आणि ते नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजले. जिथे शंभरातले तीसेक दगावत होते तिथे ते प्रमाण चारच्या खाली आले. सारे रहस्य प्रमाणात आहे. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ वाढले तर मूल आणखी बिघडते.

आणि जिथे शस्त्र हवे तिथे शस्त्रच हवे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींचे अपेंडिक्स काढले. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि उरलेले काम दिव्याच्या उजेडात पुरे झाले. ते त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगातले कैदी होते, आयुष्यभर आधुनिक वैद्यकावर कठोर टीका करणारे होते, तरी त्या रात्री संमतीपत्रावर त्यांनी सही केली. पुढे बावीस वर्षांनी उरुळीला आले ते त्याच शस्त्रक्रियेने वाचलेले गांधीजी. छातीत कळ आली, साप चावला, खोकल्यातून रक्त पडले, वजन विनाकारण उतरू लागले, तर लेप आणि काढे बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. निसर्गोपचाराचा जो जाणकार हे रुग्णाला सांगत नाही, त्याच्याकडे जाऊ नका.

एक विषय राहिला, आणि तो टाळून मला पुढे जाता येणार नाही. महामार्गावर जागोजागी पाट्या दिसतात: ‘चुलीवरची भाकरी’. लोक गाड्या थांबवून आवडीने खातात. त्या चुलीपुढे बसलेल्या बाईकडे कोणी पाहिले आहे का? ओले सरपण, फुंकणी, डोळ्यांतून पाणी, पदराने नाक झाकलेले. लाकडाचा धूर अगदी नैसर्गिक असतो आणि तो फुप्फुसे निकामी करतो. ज्या बायकांनी कधी विडी हातात धरली नाही त्यांना विडी ओढणाऱ्यासारखा दमा जडतो तो या धुरामुळे. आपण ज्याला नैसर्गिक राहणी म्हणतो ती बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या श्रमावर उभी असते. पालेभाजी निवडायला अर्धा तास जातो, नाचणीला मोड आणायचे, ताक घुसळायचे, ज्वारीची भाकरी एकेक थापायची. पुरुषाने व्याख्यान ऐकून यायचे आणि घरी जाऊन ‘उद्यापासून गव्हाची चपाती बंद’ असे फर्मान काढायचे, याला मी आरोग्य म्हणत नाही. ज्याला भाकरी हवी त्याने निदान भाजी निवडायला बसावे. गॅस परवडत नाही म्हणून ज्या घरी पुन्हा चूल पेटते, तिथे सिलिंडर मिळवून देणे हे त्या घरातल्या बाईसाठी कोणत्याही काढ्यापेक्षा मोठे औषध आहे.

मी आयोजकांना विचारले होते की श्रोत्यांत आजूबाजूच्या खेड्यांतले लोक असतील का. असतात, असे ते म्हणाले. म्हणून शेवटची विनंती थेट तुम्हाला. २ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा भरते. त्या दिवशी प्रतिमेला हार घालून झाला की उठून चार गोष्टी मागा. शाळेचे मैदान पहाटे आणि संध्याकाळी गावासाठी उघडे ठेवा आणि तिथे दिवा लावा. गावठाणापासून शिवारापर्यंतच्या एका तरी रस्त्याच्या कडेला चालायची पट्टी आखा आणि सावलीची झाडे लावा. पिण्याच्या पाण्याची तपासणी झाली की नाही ते फलकावर लिहा. आणि अंगणवाडीच्या आवारात पालेभाजीचे चार वाफे करा, त्यातली पहिली जुडी गावातल्या गरोदर बाईच्या घरी पोहोचवा. ठराव लिहून घ्या, सरपंचांची सही घ्या, आणि पुढच्या सभेत त्याचे काय झाले ते विचारा. इथल्या शहरातल्या मंडळींनी हेच मागणे नगरपरिषदेत न्यावे. मी तुमच्याबरोबर यायला तयार आहे.